जांभळ्या शिक्क्याचा कागद

१

पेटीत बारा पाकिटं होती आणि बाराही जागच्या जागी होती. म्हणूनच चोरी झाल्याचं कळायला महिना लागला.

पेटी चीफची. तो जन्मभर मालवाहू बोटींवर चीफ इंजिनियर होता, म्हणून घरीदारी सगळे त्याला चीफच म्हणत. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन तो या परक्या देशात, किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात आला, दोन खोल्यांचं घर घेतलं आणि आठ वर्षं सुखानं राहिला. महिन्यापूर्वी एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच त्याच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

बोटीवरच्या माणसाची शिस्त पेटीतही होती. प्रत्येक कागदाला वेगळं पाकीट, प्रत्येक पाकिटावर मराठीत नाव: घर, वीज, पाणी, बँक, दवाखाना, कुत्रा. अक्षर मात्र असं, की कोंबडीच्या पायाला शाई लावून सोडलं तरी त्याहून बरं उमटावं.

त्याच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, 'घर' लिहिलेलं पाकीट उघडलं. आत काही नव्हतं.

तासाभरात दुभाषीबाई दारात हजर झाल्या. दुभाषीबाई म्हणजे तिथल्या कोर्टात बावीस वर्षं भाषांतराचं काम करणाऱ्या आपल्याकडच्या बाई. परदेशी माणसानं कुठल्याही कागदावर सही करायची असली की त्यांना बोलावत. त्यांनी कागद मराठीत वाचून दाखवायचा, मग सही व्हायची. हरवलेला कागदही आठ वर्षांपूर्वी त्यांनीच चीफला वाचून दाखवला होता.

"तुला तर माहीतच आहे त्यात काय होतं," काकू म्हणाल्या. शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई, आवाज अजून वर्गातल्यासारखा खणखणीत.

दुभाषीबाईंना माहीत होतं. या किनाऱ्यावर परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नसे. म्हणून घर शेजारच्या पाववालीच्या नावावर झालं आणि तिनं कबुलीचा कागद लिहून दिला: नाव माझं असलं तरी घर चीफचं, त्याच्यामागे त्याच्या बायकोचं. आता कायदा बदलला होता. असे जुने कबुलीकागद महिनाअखेरीपर्यंत दाखवले की घर परदेशी माणसाच्या नावावर करून मिळणार होतं. मात्र मूळ कागदच हवा. तो नसेल तर ज्याचं नाव, त्याचं घर. आणि नवा कबुलीकागद करणं हा इथून पुढे गुन्हा होता.

महिना संपायला अकरा दिवस होते.

"बाकीची पाकिटं बघितलीत का, काकू?"

"नाही गं. हे रिकामं दिसलं आणि आधी तुलाच फोन केला."

दुभाषीबाईंनी एकेक पाकीट उघडायला घेतलं. 'वीज' ठीक होतं, 'बँक' ठीक होतं, 'दवाखाना' भरलेलं. 'पाणी' रिकामं. आणि शेवटचं पाकीट उघडून त्या बघतच राहिल्या.

चोरानं कुत्र्याचा परवानाही नेला होता.

२

"कुत्र्याचा? पाण्याचा?" काकूंची धाकटी बहीण कपाळाला हात लावून म्हणाली. मुलगा तिला मावशी म्हणे, म्हणून सगळेच तिला मावशी म्हणू लागले होते. चीफ गेल्याचं कळताच ती धावत आली होती आणि बहिणीला सोडून जायला तयार नव्हती. "असला कसला चोर! पोस्टात तीस वर्षं पत्रं लावली मी, पण कुत्र्याच्या कागदावर कोणी डोळा ठेवल्याचं ऐकलं नाही."

"पेटीची किल्ली कुठे असते?"

"स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला," काकू म्हणाल्या. "शेजारपाजारच्यांनाही ठाऊक आहे. मृत्यूचा दाखला ठेवायला पेटी मीच उघडली होती. तेव्हा सगळी पाकिटं भरलेली होती, मी हात फिरवून बघितली. त्यानंतरचा आठवडाभर घरात माणसांची रीघ लागली होती."

"आतल्या खोलीपर्यंत कोण कोण आलं?"

मावशीनं बोटं मोजली. पाववाली, ती रोज डबा घेऊन यायची. घर मिळवून दिलं तो दलाल. वकील, दोनदा. "आणि घरातले आम्ही तिघं."

तिसरा म्हणजे मुलगा, दादू. चौतीस वर्षांचा, दुसऱ्याच एका देशात मोठ्या नोकरीवर. बापाला शेवटचं बघायला आला आणि रजा वाढवून राहिला होता. तो आतून पुढे आला. "तुम्ही बसा, मी चहा टाकतो," म्हणाला. आईला उठू दिलं नाही.

चहा आला तो फाटलेला. कपात दुधाचे तुकडे तरंगत होते.

"अरे, दूध नासलंय म्हणून बाटलीला चिठ्ठी लावली होती ना ताईनं!" मावशी करवादली. "एवढ्या मोठ्या अक्षरात!"

"लक्ष नव्हतं गं मावशी." दादूनं ओशाळून कप उचलले. "सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही."

ते खरंच दिसत होतं. दाढी वाढलेली, डोळे लाल. परत आला तेव्हा आईच्या खांद्यावर हात ठेवून तो दुभाषीबाईंना म्हणाला, "शोधा तुम्ही, पण नाहीच मिळालं तर आईनं जिवाला लावून घेऊ नये असं मला वाटतं. माझ्याकडे तिची खोली तयार आहे. तिकडे सांगून आकाशी रंग देऊन घेतलाय, तिला आवडतो म्हणून. खिडकीतून बाग दिसते."

"मी कधी म्हटलं येते म्हणून?" काकू म्हणाल्या. "त्यांनी हौसेनं घेतलेलं घर आहे हे."

काकूंनी रिकामं पाकीट मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला एकीचाच संशय येतो. कागद नाहीसा झाला तर घर कुणाचं होणार, सांग बरं?"

३

पाववालीच्या दुकानात भट्टीची धग होती. बाई साठीची, दंड पैलवानासारखे. दुभाषीबाईंनी तिच्या भाषेत सगळं सांगितलं तशी तिनं हातातलं फावडं भिंतीला टेकवलं.

"म्हणजे मी चोर?"

"तसं कोणी म्हटलं नाही."

"म्हणतील. माझा नवराच काल म्हणाला, कायदा बदललाय, गप्प बसलीस तर घर आपलं." ती जरा थांबली. "खोटं कशाला बोलू? दोन दिवस मीही विचार केला. आमच्या भिंतीला भिंत लागून आहे, मुलीचा संसार तिथे थाटता आला असता. पण विचार करणं वेगळं."

बोलता बोलता तिनं खिशातून औषधाची बाटली काढून पुढे केली. "यावर काय लिहिलंय ते वाच ना. जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

दुभाषीबाईंनी वाचून सांगितलं, पण मनात खटकलं. आपल्याच भाषेतलं हिला वाचता येत नाही?

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि लग्नासाठी पाव सांगू लागलं. पाववालीनं गळ्यातल्या दोरीचा चष्मा नाकावर चढवला, त्याची एक काडी तुटलेली होती, तो एका हातानं धरून दुसऱ्या हातानं वहीत भराभरा लिहून घेतलं आणि गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. मग चष्मा पुन्हा लोंबू लागला. "बारीक अक्षर यातून दिसत नाही मेलं," ती म्हणाली.

दलाल बाजारपेठेतल्या त्याच्या कचेरीत भेटला. चकचकीत बूट, तोंडात साखर. दुभाषीबाई खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच तो म्हणाला, "कबुलीकागद सापडत नसेल, होय ना? माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. पाववालीशी परस्पर बोलून म्हातारीलाही काहीतरी मिळवून देईन."

"कागद सापडत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

दलाल खो खो हसला. "बाई, या आठवड्यात तुम्ही पाचव्या. कायदा बदलल्यापासून निम्म्या परदेशी लोकांचे कागद सापडत नाहीत. कोणाचे उंदरांनी खाल्ले, कोणाचे बायकोनं रद्दीत घातले. पण एक सांगतो, मला चोरायचा असता तर मी चोरून बसलो नसतो. म्हातारीला तोच कागद विकत परत दिला असता."

माणूस निर्लज्ज होता, पण त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं.

राहता राहिला वकील. त्यानं कपाटातून फाइल काढली, चाळली आणि मान हलवली. "माझ्याकडे प्रत नाही. तेव्हाची पद्धतच तशी. कबुली हातानं लिहायची, नगरपालिकेत नेऊन सहीवर जांभळा शिक्का मारून घ्यायचा. तिथंही नक्कल ठेवत नाहीत."

"जांभळा?"

"नगरपालिकेचा शिक्का जांभळाच असतो. पाण्याच्या करारावर तोच, कुत्र्याच्या परवान्यावरही तोच, आणि तेही हातानंच लिहिलेले. बँक, वीज, दवाखाना, त्यांचे शिक्के निळे नाहीतर काळे."

दुभाषीबाई उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. "म्हणजे चोरानं कागद निवडले नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "त्यानं रंग निवडला."

वकिलाला काही कळलं नाही. दुभाषीबाईंना मात्र कळलं होतं, आणि आपल्याला हे कळायला नको होतं असं त्यांना वाटलं.

४

त्या थेट घरी गेल्या नाहीत. बंदराच्या कठड्यावर बसून त्यांनी पुन्हा पुन्हा सगळं तपासून पाहिलं. कुठेतरी चुकत असू दे, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू बागेत कपडे वाळत घालत होत्या. मावशीला दुभाषीबाईंनी मुद्दाम त्यांच्यापाशी थांबवलं आणि आत जाऊन दादूसमोर बसल्या. पिशवीतून एक चिठ्ठी काढून त्याच्यापुढे सरकवली.

"हरवलेल्या कागदांची यादी केली आहे, पोलिसांत द्यायला. मराठीतच लिहिली, म्हणजे आईलाही कळेल. काही राहिलंय का बघा."

दादूनं चिठ्ठी हातात घेतली. नजर वरून खाली फिरवली. "बरोबर आहे."

"नक्की?"

"हो. सगळं आलंय."

"दादू, त्यावर लिहिलंय, 'हे कागद तुम्ही घेतलेत. आईला मी अजून सांगितलेलं नाही.'"

दादूच्या हातातून चिठ्ठी गळून पडली.

बाहेरून मावशीचा कपडे झटकण्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही," दुभाषीबाई म्हणाल्या. "बाटलीवर चिठ्ठी असून तुम्ही नासलेलं दूध ओतलंत, तेव्हा मी फार लक्ष दिलं नाही. काल वकिलाकडे कळलं की हरवलेल्या तिन्ही कागदांवर जांभळा शिक्का होता, आणि उरलेल्या नवांपैकी एकावरही नाही. आता बघा. पाववाली, दलाल, वकील यांच्यापैकी कोणी घेतला असता तर कागद वाचून एकच घेतला असता, तो त्यांच्या भाषेत आहे. मावशींनी घेतला असता तर पाकिटावरचं 'घर' वाचून एकच घेतला असता. पोस्टातल्या बाई, चीफचं अक्षरही त्यांना अडलं नसतं. तिन्ही कागद त्यानंच नेले, ज्याला पाकिटावरचं मराठीही कळत नव्हतं आणि आतली इथली भाषाही."

"दिशाभूल करायला कोणीही तीन नेले असते." दादूचा आवाज चिरका झाला होता.

"दिशाभूल करणारा पसारा करतो, पेटी फोडतो. या चोरानं रिकामी पाकिटं घडी न मोडता परत ठेवली. त्याला चोरी लपवायची होती. लपवणारा माणूस गरजेपेक्षा एक चिटोरंही जास्त नेत नाही. तीन नेले, कारण तिघांतला कुठला ते कळेना, आणि हाताचं लिखाण फोनलाही वाचता येईना. शिवाय ती खोली. आई येते म्हणालेली नाही, तरी खोलीला रंग लागला. कागद हरवल्याचं तर काल कळलं."

दादूनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"कुठे आहेत कागद?"

तोच दारात कोणीतरी उभं असल्याचं दिसलं. काकू ओली चादर हातात घेऊन कधी आत आल्या, कोणालाच कळलं नव्हतं.

"तिनं विचारलंय काहीतरी," त्या म्हणाल्या. "सांग."

५

"भट्टीत टाकले," दादू म्हणाला. "पाव आणायला जायचो ना सकाळी. पाववाली मागे वळली तेव्हा."

"तिन्ही?"

"बाबांनी एकदा सांगितलं होतं, घराचा प्राण म्हणजे जांभळ्या शिक्क्याचा कागद. तेवढंच माहीत होतं मला."

काकूंनी चादर खुर्चीच्या पाठीवर टाकली. तिचं पाणी फरशीवर ठिबकू लागलं. "घर विकायचं होतं तुला?"

"घर नकोच होतं मला!" तो एकदम ओरडला. "मी ते रेकॉर्डिंग ऐकलंय, आई."

"कसलं?"

"तू रुग्णवाहिकेला केलेल्या फोनचं. दवाखान्यात मागितलं तर त्यांनी ऐकवलं. तू मराठीत बोलत होतीस. मग थोडं इंग्रजीत. ती बाई पत्ता विचारत होती, पुन्हा पुन्हा, आणि तू म्हणत होतीस, 'समुद्राजवळ, पांढरं घर, लवकर या.' इथली सगळीच घरं पांढरी आहेत गं. अठ्ठावीस मिनिटं लागली त्यांना. मागे बाबांचा आवाज येत होता. पहिल्या पाच मिनिटांत येत होता." तो आईकडे वळला. "उद्या तू पडलीस तर फोन कोण करणार? मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हटलं घरच राहिलं नाही, तर येईल."

मावशी दाराशी येऊन उभी होती. तिनं पदर तोंडात धरला.

काकू खुर्चीत बसल्या. हे रेकॉर्डिंग असतं हे त्यांना माहीत नव्हतं, पण त्यात काय आहे ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? महिनाभर त्या तेच ऐकत होत्या.

"तुझे वडील माझ्यामुळे गेले असं म्हणायचंय तुला?"

"नाही, आई—"

"मला वाटतं तसं. रोज वाटतं." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "आठ वर्षं बाजार, दवाखाना, बँक, सगळं ते बघायचे. मला भाषा शिकायची गरजच पडली नाही, आणि मी शिकले नाही. तो दोष माझा. आणि तू बोर्डिंगात वाढलास, जगाच्या पोरांना शिकवत बसले आणि तुला बाराखडी गिरवून घ्यायची राहिली, तोही माझाच. पण दादू, तू मला विचारलं नाहीस. काल माझ्याशेजारी बसून मी त्या पाववालीला चोर म्हणताना ऐकलंस आणि गप्प राहिलास."

दादू त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि पायही मागे घेतले नाहीत.

"उठ," त्या शेवटी म्हणाल्या. "तोंड धू. आधी तिच्याकडे जायचंय."

६

पाववालीसमोर दुभाषीबाईंनी दादूचा शब्द न् शब्द भाषांतर करून सांगितला. कोर्टात त्यांनी खुनाचे कबुलीजबाब सांगितले होते, पण असं जड काही त्यांना गेलं नव्हतं. दादूनं काही गाळलं नाही. काकूंनी शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं, "माझा संशय तुझ्यावरच होता," आणि तेही त्यांनी सांगायला लावलं.

पाववालीनं ऐकलं. भट्टीकडे एकदा पाहिलं. मग दादूला म्हणाली, "माझ्याच विस्तवात?" आणि आत निघून गेली.

चार दिवस तिच्याकडून निरोप नव्हता. महिना संपायला सहा दिवस उरले असताना वकिलानं सर्वांना बोलावलं. पाववाली नवऱ्यासोबत आली होती. नवऱ्याचं तोंड उतरलेलं होतं, त्यावरून घरात काय झालं असेल ते दिसत होतं.

वकिलानं सांगितलं ते असं: मालकी गेली ती गेली, कोणाच्याही चांगुलपणानं ती आता परत येत नाही. पाववालीनं नवी कबुली लिहिली तर दोघींवर खटला होईल. पण मालकीण म्हणून तिला घर कुणालाही राहायला देता येतं. तिनं करार आणला होता. काकू हयात असेपर्यंत घर त्यांच्या ताब्यात राहील. त्यांना कोणी काढू शकणार नाही, पाववालीच्या मुलीलाही नाही. काकूंच्या मागे घर पाववालीच्या घराण्याचं.

दुभाषीबाईंनी कलमं एकेक करून मराठीत वाचली. "मागे" या शब्दाशी दादूनं मान खाली घातली. बापानं त्याच्यासाठी ठेवलेली ती एकच वस्तू होती.

"तुला चालेल?" काकूंनी त्याला विचारलं.

"मला कशाला विचारतेस?"

"तू विचारलं नाहीस म्हणून मीही विचारू नये, असं नाही."

त्यानं मान हलवली. काकूंनी सही केली. पाववालीनं चष्म्याची काडी धरून सही केली, आणि मग तिनं काकूंना काहीतरी सांगितलं. दुभाषीबाईंनी तोंड उघडलं, तर पाववालीनं त्यांना हातानं थांबवलं आणि तेच वाक्य पुन्हा, सावकाश, खुणा करत सांगितलं: उद्यापासून रोज सकाळी दुकानात यायचं, गल्ल्यावर बसायचं, गिऱ्हाइकांशी बोलायचं. काकूंना निम्मंच कळलं. त्या हो म्हणाल्या.

दादू त्या आठवड्यात परत गेला. मावशी आणखी महिनाभर राहिली आणि तीही गेली. दादूचा फोन दर रविवारी येई. पहिले दोन महिने काकू तो उचलत, "बरी आहे, ठेवते," एवढंच म्हणत. दुभाषीबाई एकदा समोरच होत्या. काकूंच्या चेहऱ्यावरून त्यांना फोन ठेवल्याचा आनंद झाला की दुःख, ते ओळखता आलं नाही.

तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी काकू दुकानातून उशिरा घरी आल्या. फोन वाजून गेला होता. त्यांनी पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच स्वतः नंबर लावला.

"तिकडे थंडी पडली का रे?" त्यांनी विचारलं.

पलीकडे दादू थंडीबद्दल सांगू लागला, कुठला कोट घेतला, सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ कसा साचतो, आणि काकू खुर्ची ओढून घेऊन ऐकत बसल्या.